सिस्टर मेश्राम यांचा तिसरा प्रश्न

क्षयाच्या पेशंटला सुई देण्याआधी सिस्टर मेश्राम तीन प्रश्न विचारायच्या. कानात काही वाजते का? उठल्यावर फिरल्यासारखं होते का? आणि तिसरा, जो ऐकून नवा माणूस हमखास बुचकळ्यात पडायचा : तुह्या मायच्या माहेरी सुईनं कोनाचे कान गेले का? तिन्ही उत्तरं कार्डावर उतरल्याशिवाय त्या स्ट्रेप्टोमायसिनच्या बाटलीच्या रबरी बुचात सुई खुपसत नसत. बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली असो, की डॉक्टर दारात उभे असोत.

पहिले दोन प्रश्न त्यांना नागपूरच्या एका कानाच्या डॉक्टरांनी दिले होते. तिसरा त्यांचा स्वतःचा. तो कसा आला हे मला जवळून पाहायला मिळालं, कारण त्यांच्या सुईच्या खोलीला लागूनच माझी खोली होती. आमचं आरोग्य केंद्र तुमसरच्या अलीकडे होतं; गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथे थुंकी तपासायचो. काचपट्टीवर थुंकी पसरायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकातून निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात का ते बघायचं. लाल काड्या म्हणजे क्षय. सिस्टर मला 'लॅबवाले भाऊ' म्हणायच्या.

बाई मूळच्या भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर मुलींना शाळेत घातलं, आणि या थोरल्या मुलीला पुढे परिचारिकेच्या शिक्षणासाठी नागपूरला पाठवलं. मी रुजू झालो, चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा सुमार असेल, तेव्हा त्या तिशीच्या आसपासच्या होत्या. काटकुळ्या, झपझप चालणाऱ्या. पांढऱ्या साडीवर पायात कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात खोचलेलं पेन. पेन शोधताना त्या टेबलाचे सगळे खण उघडायच्या, आणि मग कोणीतरी त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवायचं.

पेशंट म्हणाला, "बाई, मले बरं वाटून राहिलं," की त्या म्हणायच्या, "वाटते ते नको सांगू. दिसते ते सांग. काल किती लांब चाललास? पायऱ्या चढताना कितीदा थांबलास?" माझ्याशीही तसंच. "भाऊ, काड्या कमी वाटतात म्हनू नका. मोजा."

गावोगाव सायकलने फिरून त्या गोळ्या द्यायच्या, आणि गोळी त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायची हा नियम होता. सुरुवातीला काही घरांत त्यांना अंगणातच थांबवायचे. त्या थांबायच्या. पेशंटने गोळी घेतली की म्हणायच्या, "मलेबी एक गिलास पानी द्या." मग घरात कुजबूज चालायची. पाणी येईपर्यंत बाई उंबऱ्यापाशी बसून कार्ड लिहीत राहायच्या. अर्धा तास लागला तर अर्धा तास. मी एकदा त्यांना म्हटलं, "सिस्टर, पाण्याची बाटली सोबत का नेत नाही?" त्या म्हणाल्या, "तहान लागते म्हनून थोडीच मागते मी." दोन-तीन वर्षांत असं झालं की त्यांची सायकल वळताना दिसली, की बायका पेला भरून दारात येऊन उभ्या राहायच्या.

पण सुरुवातीला त्या हे तीन प्रश्न विचारत नव्हत्या. कोणीच विचारत नव्हतं.

नत्थूजी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. राहायचे आमच्याजवळच्या खेड्यात. त्यांच्या काचपट्टीवर इतक्या काड्या होत्या की मी मोजणं सोडून दिलं होतं. रोज सुई आणि गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ते सिस्टरना म्हणाले, "बाई, कानात झिंगूर बोलून राहिले." झिंगूर म्हणजे रातकिडे.

"अशक्तपना हाय," सिस्टर म्हणाल्या. "अंडं खात जा."

पुढच्या काही आठवड्यांत नत्थूजींचा खोकला गेला, ताप गेला, वजन वाढलं. सुयांचा कोर्स संपला त्या दिवशी मी त्यांची काचपट्टी पाहिली, ती स्वच्छ निघाली. मला इतका आनंद झाला की मी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, "नत्थूजी, तुम्ही बरे झाले." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "काय म्हनता?" सिस्टर जवळ गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बरे झाले तुमी." नत्थूजींनी पुन्हा विचारलं, "काय म्हनता?" तिसऱ्यांदा विचारताना त्यांनी कानामागे हात धरला. सिस्टर तिथेच बाकावर बसल्या.

घरच्यांनी लसूण जाळलेलं तेल कानात घातलं. कानातला मळ काढणारा आला, त्याने कोरून पाहिलं. गावात सगळे म्हणाले, मिलच्या आवाजाने कान गेले. सिस्टर सुट्टीच्या दिवशी मिलमध्ये जाऊन आल्या. नत्थूजींच्या शेजारी दहा-दहा वर्षं काम केलेल्या माणसांना एकेक करून विचारलं. कमी ऐकू येणारे होते, पण त्यांचं ते हळूहळू, वर्षानुवर्षांत झालेलं. परत येऊन त्या मला म्हणाल्या, "कोनाचेच कान महिन्या-दीड महिन्यात नाई गेले, भाऊ. हे दुसरंच काई हाय."

मग त्या नत्थूजी आणि त्यांच्या बायकोला घेऊन एसटीने नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथलं सगळं त्यांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मीच गेलो होतो असं वाटतं. डॉक्टरांनी कानात प्रकाश टाकून पाहिलं. पडदा चांगला, मळ नाही. मग दोन दातांचा पोलादी काटा वाजवून आधी कानासमोर धरला, नंतर कानामागच्या हाडावर टेकवला. कानाच्या वाटेत किंवा पडद्यात बिघाड असेल तर हाडावरून आवाज चांगला येतो, आणि तसला बिघाड पुष्कळदा दुरुस्त होतो. नत्थूजींना दोन्हीकडून जेमतेमच आला. डॉक्टर म्हणाले, बिघाड आत आहे. आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, त्यात अतिशय बारीक केसांच्या पेशी असतात, त्या आवाज पकडून नसेकडे देतात. स्ट्रेप्टोमायसिनने त्या मारल्या. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोणतं तेल नाही, कोणतं ऑपरेशन नाही.

नत्थूजींच्या बायकोला यातलं काही कळलं नाही. सिस्टर तिला म्हणाल्या, "धानाच्या पऱ्ह्याची मुळी सडली का मंग कितीबी पानी दे, रोप उठत नाई. तसं झालं वो." मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मले आधी समजलं असतं का?"

डॉक्टर म्हणाले, "ज्या दिवशी त्यांनी कानात आवाज येतो म्हणून सांगितलं, त्या दिवशी."

आणि त्यांनी समजावलं की आधी बारीक, उंच आवाज जातात. बोलणं ऐकू येत असतं, म्हणून माणसाला कळतच नाही. बोलणं ऐकू येईनासं होतं तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून सुईआधी दर वेळी विचारायचं : कानात काही वाजतं का, उठल्यावर फिरल्यासारखं होतं का.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "त्या सुया मीच देल्या, भाऊ. जीव वाचला हे खरं हाय. पन त्यानं मले सांगतलं होतं, अन् मी त्याले अंडं खा म्हनलं."

इतकंच. त्यानंतर त्यांनी हळहळ कधी बोलून दाखवली नाही. कामाला लागल्या.

त्यांच्याकडे चावीचं मनगटी घड्याळ होतं. त्याची टिकटिक बारीक असते, म्हणजे आधी तीच ऐकू यायची बंद होणार, हे त्यांच्या लक्षात आलं. औषधांच्या कोठडीत, दार लावून, पेशंटला डोळे मिटायला सांगून त्या मागून घड्याळ कानाजवळ आणायच्या, आणि टिकटिक कुठून ऐकू येते ते वितीने मोजायच्या. 'उ. ३ वीत, डा. ३ वीत' असं कार्डावर लिहायच्या. दर आठवड्याला. तीनाचं दोन झालं की सुई थांबवून थेट डॉक्टरांकडे. पहिल्या दोन वर्षांत चार जणांच्या सुया अशा वेळेवर थांबल्या. चौघांना गोळ्यांवर ठेवलं, आणि चौघांचे कान शाबूत राहिले. एका म्हातारीचं तर औषधच तिच्या वजनाच्या मानाने जास्त होतं, ते डॉक्टरांनी तेव्हा पाहिलं.

नत्थूजींनाही त्यांनी सोडलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांच्या ओळखीने एक श्रवणयंत्र मिळालं. सदऱ्याच्या खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत वायर. पहिल्याच दिवशी नत्थूजींनी ते काढून ठेवलं. म्हणाले, "आवाज येते, शब्द नाई येत. सदऱ्याचीच खरखर होते." सिस्टर समोर बसल्या आणि हळू बोलत, हातवारे करत समजावलं की यंत्र आवाज मोठा करतं, साफ करत नाही. म्हणून कानाने अर्धं घ्यायचं आणि डोळ्यांनी अर्धं. बायकोला शिकवलं : उजेडाकडे तोंड करून बोल, ओरडू नको, पदर तोंडावर घेऊ नको, एक वाक्य झालं की थांब. सहा महिने दर बाजाराच्या दिवशी त्या त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायच्या. सातव्या महिन्यात नत्थूजी आपल्या पायांनी मिलच्या मालकाकडे गेले, त्याच्या तोंडाकडे बघत सगळं बोलणं केलं आणि पोती मोजायचं काम मिळवून आले. ते सांगायला आरोग्य केंद्रात आले तेव्हा सिस्टरनी मुद्दाम त्यांच्याशी अगदी सावकाश, साध्या आवाजात पाच मिनिटं गप्पा मारल्या. एकदाही 'काय म्हनता' आलं नाही.

या ओसरीवरच तिसरा प्रश्न जन्माला आला. नत्थूजींची बहीण देवकाबाई तिथे यायची. तिलाही कमी ऐकू यायचं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, मागे ताप आला होता, कोण्या डॉक्टरने दोन-तीन सुया दिल्या, तेव्हापासून. त्यांच्या आईचंही एका बाळंतपणानंतर सुयांनी तसंच झालेलं. सिस्टरनी हे लिहून घेतलं. पुढच्या वर्षी नत्थूजींच्या थोरल्या मुलालाच क्षय निघाला. त्याला सुई देण्याआधी सिस्टर कार्ड दोनदा वाचायच्या. दर आठवड्याला नाही, दिवसाआड घड्याळ. तीन वीत ते शेवटपर्यंत तीन वीतच राहिलं. पूर्ण कोर्स झाला, कान ठणठणीत.

"हे कसं काय?" त्या मला विचारायच्या. "बापाचे गेले, पोराचे काहून नाई गेले?"

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी त्या घराण्याची सगळी माणसं मांडली. पवनीकडे नत्थूजींची एक मावशी होती, तिच्याकडे जाऊन आल्या. तिच्या मुलीचंही सुईनंतर तेच झालेलं. ज्याचे कान गेले त्याच्याभोवती गोल; असे अकरा गोल झाले. मग तो कागद माझ्या टेबलावर पसरून म्हणाल्या, "दिसते का तुमाले? गोल मायकडूनच खाली येऊन राहिला. नत्थूजीले मायकडून आला, पन त्यानं पोराले नाई देला. बाप देत नाई. माय देते."

डॉक्टरांना दाखवलं. आमचे डॉक्टर तरुण होते, हुशार आणि शिस्तीचे. ते हसले नाहीत, पण म्हणाले, "सिस्टर, पुस्तकात असं काही नाही."

"मंग पुस्तकवाल्याईनं नत्थूजीचं घर पाह्यलं नसन," सिस्टर म्हणाल्या आणि कागदाची घडी केली.

यानंतर दोनेक वर्षांनी देवकाबाईची मुलगी शेवंता आमच्याकडे आली. एकोणीस वर्षांची, भंडाऱ्याला डी.एड. करत होती. त्यांच्या घरात शिक्षिका होणारी पहिलीच. दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळी ताप. तिची काचपट्टी मीच पाहिली. काड्या होत्या, आणि भरपूर होत्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सुया आणि गोळ्या लिहून दिल्या.

सिस्टरनी कागद वाचला, शेवंताला बाकावर बसवलं आणि त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत पातळ होती.

"साहेब, या पोरीले मी सुई देत नाई."

"का?"

"देवकाबाईची पोरगी हाय. मायकडून आलेलं हाय तिले."

"सिस्टर, तिचा आजार पुढे गेलेला आहे. नुसत्या गोळ्यांनी आवरला नाही आणि ती दगावली तर?"

"तर माही नोकरी घ्या. पन बहिरी झाली तर कोनाची घ्यान? शिक्षिका होनार हाय ते पोरगी."

टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "मला तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

"द्या," सिस्टर म्हणाल्या.

मेमो त्यांनी पर्समध्ये घातला. त्याच दिवशी सगळी कार्डं आणि तो कॅलेंडरचा कागद पिशवीत भरून त्या भंडाऱ्याला जिल्ह्याच्या क्षय अधिकाऱ्यांकडे गेल्या. त्यांनी दोन तास कार्डं वाचली, असं त्या सांगायच्या. वितीचे आकडे वाचताना मधेच सिस्टरचं घड्याळ घेऊन त्यांनी स्वतःचा कान मोजून पाहिला. मग म्हणाले, "घराण्यात असं चालतं, असं माझ्या एक-दोनदा कानावर आलेलं आहे, पण खात्रीने कोणी सांगत नाही. तुमच्याकडे निदान कागद तरी आहे. सुई नको. गोळ्यांवर ठेवू, दीड वर्ष. पण एकही दिवस चुकता कामा नये. चुकला तर आजार औषधाला दाद देणार नाही, आणि मग तुम्ही आणि मी दोघंही चुकीचे ठरू."

"नाई चुकनार," सिस्टर म्हणाल्या.

शेवंताने कॉलेज सोडलं आणि गावी आली. सिस्टर रोज सकाळी सायकलने तीन मैल जायच्या, गोळी तिच्या तोंडात पडलेली बघून परतायच्या. पहिल्या महिन्याची काचपट्टी : काड्या तेवढ्याच. दुसरा महिना : थोड्या कमी. तिसऱ्या महिन्यात मला पुन्हा जास्त दिसल्या. मी दोनदा मोजल्या. डॉक्टर आले आणि पाहून गेले. सिस्टर माझ्या स्टुलावर बसल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इतका वेळ राहिल्या की मला वाटलं त्या रडत आहेत. पण त्या मोजत होत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस हायेत. पुढच्या खेपेले पाहू."

त्या पावसाळ्यात वैनगंगा फुगली आणि तिला मिळणारा मधला नालाही भरून आला. पूल बुडाला. मी त्या दिवशी त्या गावच्या बाजूलाच काही कामासाठी निघालो होतो, म्हणून सिस्टरसोबत होतो. नाल्याच्या या काठाला आम्ही, त्या काठाला शेवंता छत्री घेऊन उभी. बाई आज येणार आणि अडकणार हे तिने ओळखलं होतं. गोळ्या घरात दोन दिवसांच्या शिल्लक असायच्या, सिस्टरचीच व्यवस्था. मधून गढूळ पाणी असा आवाज करत होतं की मला शेजारी उभ्या सिस्टरचं साधं बोलणं ऐकू येत नव्हतं.

सिस्टरनी तोंडापुढे दोन्ही हात धरून हाक दिली, "शेवंता, गोळी आनली का वो?"

पलीकडून पहिल्याच हाकेला ओरडून उत्तर आलं, "आनली, बाई. पाहा." तिने गोळी हातात उंच धरून दाखवली, तोंडात टाकली, लोट्यातून पाणी प्यायली आणि तोंड उघडून दाखवलं. एवढ्या लांबून तोंडातलं काय दिसणार, पण सिस्टरनी मान हलवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आयकलं का? एका हाकेत. तिचे कान तुमच्याहून चांगले हायेत."

चौथ्या महिन्याला सात काड्या. पाचव्याला दोन, त्याही तुटक. सहाव्या महिन्याची काचपट्टी मी सकाळी लावली आणि दुपारपर्यंत शोधत होतो. एक कोपरा सोडला नाही. काही नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, पट्टी सरकवून पुन्हा पाहिलं, आणि दाराशी जाऊन स्वतः हाक मारली, "सिस्टर, या. बघा."

सिस्टरनी पाहिलं. "निळंच हाय सगळं," त्या म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले. "निळंच आहे."

दीड वर्ष पूर्ण होईपर्यंत गोळ्या चालू राहिल्या. शेवटच्या दिवशी कोठडीचं दार लावून घड्याळ लावलं : उजवा तीन वीत, डावा तीन वीत. शेवंता भंडाऱ्याला परत गेली, डी.एड. झाली आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. पहिल्या वर्षी तिने चाळीस पोरांचा वर्ग आवरला, असं देवकाबाई सांगत आली होती. मेमोचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. एक मात्र पाहिलं : काही दिवसांनी सिस्टर रजेवर असताना एका नव्या पेशंटला डॉक्टर स्वतः विचारत होते, "तुमच्या आईच्या माहेरी सुईने कोणाचे कान गेले का?"

सिस्टरनी तोवर त्या कॅलेंडरवरच्या प्रत्येक बाईच्या आणि तिच्या लेकरांच्या नावे एक जाड कार्ड लिहिलं होतं : 'ह्या व्यक्तीस स्ट्रेप्टोमायसिन देऊ नये', खाली डॉक्टरांची सही. "रेशनकार्डात ठेवा, हरवनार नाई," असं बजावून त्यांनी ती घरोघर वाटली, पवनीपर्यंत. एका खासगी दवाखान्यात नत्थूजींच्या मावसबहिणीची मुलगी अशीच सुईसाठी बसली होती. तिने पोलक्यातून ते कार्ड काढून समोर धरलं. त्या डॉक्टरांनी भरलेली सुई बाजूला ठेवली आणि आमच्या केंद्राला पत्र लिहून विचारलं, ही काय भानगड आहे.

ऐंशीच्या पुढची गोष्ट. माझी बदली गोंदियाकडे झाली होती. भंडाऱ्याला जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांची बैठक होती आणि क्षय अधिकाऱ्यांनी सिस्टरना बोलायला बोलावलं होतं. मला काचपट्ट्या दाखवायला. सिस्टर खुर्चीवर पाय जुळवून बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. त्यांना पाच मिनिटं दिली होती. त्या आपल्या बोलीतच बोलल्या, आणि चाळीस मिनिटं बोलल्या. मध्ये कोणी तरी विचारलं, "पण सिस्टर, याला शास्त्रीय आधार काय?" त्या म्हणाल्या, "मले शास्त्र नाई समजत, साहेब. अकरा जनाईचे कान गेलेले मी पाह्यले, अन् सगळे एकाच आजीच्या वंशाचे. तुमी शास्त्र शोधा. तोवर सुई देन्याच्या आधी विचारत जा."

मग त्यांनी घड्याळ काढून कसं धरायचं ते दाखवलं. मागच्या रांगेतले दोन डॉक्टर उभे राहिले, नीट दिसावं म्हणून. मी पाहिलं तर सगळे लिहून घेत होते. आमचे जुने डॉक्टरही तिथे होते, ते लिहीत नव्हते. ते नुसते सिस्टरकडे बघत होते.

बोलणं झाल्यावर टाळ्या वाजल्या. जेवण ठेवलं होतं, पण सिस्टर थांबल्या नाहीत. गावात एका बाईचे दिवस भरले होते. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. तुमसरची गाडी सुटत होती. कंडक्टरने त्यांना ओळखलं, घंटी द्यायचा हात थांबवला आणि पुढची जागा रिकामी करून दिली. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं. मी खालून म्हटलं, "सिस्टर, आज जिल्हाभरचे डॉक्टर तुमच्याकडून शिकून गेले."

त्या ऐकत नव्हत्या. गाडी स्टँडच्या फाटकातून वळायच्या आधीच त्यांना गाढ झोप लागली होती.